ही माती वावरातली नाही

उदगीरजवळच्या त्या गावात माती तपासणीचा अहवाल आला, की माणसं तो घेऊन कस्तुराबाईंच्या ओसरीवर येत. बाई सातवी शिकलेल्या. बचत गटातर्फे उदगीरला प्रशिक्षणाला गेल्या, तेव्हा बाकीच्या चहाला उठल्या तरी ह्या मात्र शिकवणाऱ्या साहेबांना अहवालातल्या आकड्यांचा अर्थ विचारत बसल्या. पुढं चार वर्षं गावातला एकेक अहवाल त्यांनी वहीत उतरवून घेतला.

गेल्या उन्हाळ्यात शेजारचा वीरभद्र हसतच आला. "काकू, माझी माती गावात एक नंबर निघाली. औंदा खत टाकत न्हाई."

कस्तुराबाईंनी चष्मा लावला. सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीतला कस, एक पूर्णांक आठ टक्के; स्फुरद हे अन्नद्रव्यही भरमसाट. त्यांनी वही उघडली. आजूबाजूच्या एकाही रानात कर्ब अर्ध्या टक्क्यावर गेला नव्हता.

"वीरभद्रा, ही वावरातली माती न्हाई."

तो चिडला. "म्हंजे तपासणाऱ्यांनी चूक केली?"

"त्यांचं बरोबर हाय. तू माती कुठून उचललीस?"

वीरभद्र हळूच म्हणाला, "बैल बांधतो तिथून. ऊन लई होतं, काकू."

कस्तुराबाई त्याला रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच खुरपं, घमेलं घेऊन त्याच्या रानात गेल्या. नागमोडी चालत दहा ठिकाणी वीतभर खोल खणून माती काढली, एकत्र कालवली आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरून तपासणीला पाठवली.

नव्या अहवालात कर्ब शून्य पूर्णांक चार निघाला. स्फुरद कमी, जस्त त्याहून कमी, पालाश मात्र भरपूर.

"सोयाबीन दरसाल पिवळं का पडतं, कळलं?" बाई म्हणाल्या. "बैलाजवळचं शेणखत रानात पसर. पेरताना स्फुरद दे, जस्त येगळं दे. पालाश विकत घेऊ नको."

त्यानं तसंच केलं. भादव्यात त्याचं रान हिरवंगार होतं, शेंगाही खालपासून वरपर्यंत लागल्या.

खळं झाल्यावर कृषी सहायकांनी पारावर बैठक घेतली आणि पीक कसं साधलं ते सांगायला वीरभद्राला उभं केलं. त्याला आपली चूक झाकता आली असती. तो सरळ म्हणाला, "साहेब, मी चुकीची माती दिली होती. काकूनं नुसत्या कागदावरून वळखलं."

साहेबांनी कस्तुराबाईंची वही मागून घेतली आणि उभ्यानंच पानं चाळली. "बाई, तालुक्याच्या शिबिरात पुढच्या महिन्यात हे तुम्हीच शिकवायचं."

कस्तुराबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. बायकांत कुजबुज झाली. मागं बसलेले त्यांचे मालक, ग्यानोबा, एरवी चारचौघांत तोंड न उघडणारे. ते शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "आमची मंडळी हाय ती."