फळीची पट्टी

मी आणि बायकोने मिळून शेवटचं काही केलं असेल, तर रेल्वेच्या पडक्या खोल्यांचे फोटू काढले. त्यात मोठं असं काही नव्हतं. भाकरी आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधली, माणगावच्या अलीकडे रिक्षा सोडली आणि शेताच्या बांधाने चालत गेलो.

तिथल्या फाटकावर मी गेटमन होतो. गाडी यायची झाली की फाटक पाडायचं, गेली की उचलायचं. फाटकाला लागून चौकी, चौकीच्या मागे दोन बैठ्या खोल्या, त्यातली एक आमची. पुढे रस्ता रुळाखालून काढला, फाटक बंद झालं, खोल्यांना कुलपं लागली. मी रिटायर होऊन गावी भातशेतीत आलो. तिकडे पुन्हा कोणी फिरकलं नाही. आता दुसरी लाइन टाकायची म्हणून भिंतींवर लाल खुणा मारल्यात, असं कानावर आलं. मुलगा खारघरला असतो. तो फोनवर म्हणाला, "बाबा, पाडायच्या आधी फोटो काढून ठेवा. माझं लहानपण तिथलं." लहानपण त्याचं, पाय आमचे.

फोन त्याचाच जुना. बटण दाबायला मी शिकलो होतो. ती शिकली नव्हती, पण हुकूम सोडायला शिकावं लागत नाही.

"अवो, सूर्याकडं तोंड करून काय काढताय? काळं येईल सगळं."

"तुला काय ठाऊक?"

"लग्नातल्या फोटूत तुमचं तोंड कसं आलंय ते ठाऊक हाय ना."

चौकीचे पत्रे कोणीतरी काढून नेले होते. आत शेळ्यांच्या लेंड्या. झेंडे अडकवायची खुंटी तेवढी जागेवर, फोनच्या जागी वायरचं भेंडोळं. मी सगळं फोटूत काढलं. भिंती काढल्या, लाल खुणा काढल्या, फाटकाचा मोडका खांब काढला. तिला म्हटलं, खांबापाशी उभी राहा. तर म्हणाली, "केस बघा कसे झालेत. खांबाचाच काढा, त्याला केस न्हाईत."

आमच्या खोलीपर्यंत काही जाता आलं नाही. पुढे घाणेरी आणि करवंदी छातीएवढी माजलेली. दाराचं कुलूप लांबून दिसत होतं. ती काठीने फांद्या बाजूला सारत घुसायला गेली, तर लुगडं अडकलं. मी ओढून सोडवलं.

"तुला आत काय बघायचंय एवढं?"

"फळीची पट्टी हाय का अजून, तेवढं बघायचं व्हतं."

ती पट्टी म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्या खोलीपासून रूळ इतका जवळ, की गाडी आली की जमीन थरथरायची आणि फळीवरची भांडी चालायची. चालायची हा तिचाच शब्द. तिचं माहेर आगरदांड्याकडचं. तिथे भरती-ओहोटीने होड्या हलतात, भांडी नाही. पहिल्याच आठवड्यात माहेरचा पितळी टोप चालत चालत कडेला आला आणि खाली पडून चेपला. मी म्हटलं, भांडी खाली ठेव. तिने ऐकलं नाही. कुंपणातला बांबू चिरून त्याची पट्टी केली, फळीच्या पुढच्या कडेला आडवी धरली आणि दगडाने खिळे ठोकले. मग भांडी पट्टीपर्यंत चालायची आणि तिथे थांबायची. शेजारणीला सांगायची, "ह्यांना फाटक पाडायचा पगार हाय. मी फुकट पाडते."

गावी घर बांधलं तेव्हाही सुताराकडून तिने फळीला आधी पट्टी मारून घेतली. सुतार हसला. "वहिनी, इथे कुठे गाडी येतेय?"

"आली म्हंजे तुला बोलवायला धावू का?"

तर त्या दिवशी पट्टी काही दिसली नाही. मी म्हटलं, पुढच्या खेपेला कोयता आणू.

"तवर पाडतील."

"सरकारी काम. इतक्यात कोण पाडतंय!"

तिला ते पटलं. चौकीच्या जोत्यावर बसून भाकरी खाल्ली आणि घरी आलो.

त्याच आठवड्यात ती गेली. अंगणात भात वाळत घातला होता. कोंबड्या हाकलायला काठी घेऊन बसली, ती काठी हातात धरूनच कलंडली. मी गोठ्याकडे होतो. कोंबड्या भातात शिरल्या तरी ही ओरडत कशी नाही, म्हणून बघायला आलो. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

दहाव्याला नदीवर गेलो. मी दमलो होतो. रडून नाही, माणसांमुळे. जो येईल तो तेच बोलायचा आणि मी तीच मान हलवायचो. भटजींनी पिंड मांडले, आम्ही मागे सरलो. समोर जांभळीवर कावळे होते, चांगले पाच-सहा. एकही खाली येईना.

ऊन चढलं. भटजी म्हणाले, "बाईंची काहीतरी इच्छा राहिलीय. बोला कोणीतरी."

तिची नणंद पुढे झाली. नातीचं लग्न थाटात करू, म्हणाली. नात चौथीत आहे. कावळे बसूनच. मग माझा मेहुणा. बहिणीला मासे आवडायचे, त्याने बोंबील-सुरमईपर्यंत सगळं कबूल केलं. एक कावळा खाली उतरला, पिंडाकडे वाकड्या मानेने बघितलं आणि परत गेला.

मेहुणा म्हणाला, "भावजी, ताईचा स्वभावच असा. लवकर कशाला हो म्हणणार!"

लोक हसले. मलाही हसू आलं.

मग मुलगा पुढे गेला. हात जोडून म्हणाला, "आई, बाबांची काळजी करू नकोस. मी त्यांना खारघरला घेऊन जातो." तर होते तेवढे सगळे कावळे उडाले आणि पलीकडच्या शेवग्यावर जाऊन बसले. मुलाचं तोंड उतरलं. मला त्याची दया आली, पण कावळ्यांचं बरोबर होतं.

भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. दर्भाचा कावळा म्हणजे गवताचा. खरा येत नसला की तो पिंडाला लावून विधी उरकतात. तिचं असं गवतावर भागवायचं, हे मला बघवेना. मी म्हटलं, थांबा जरा. पिंडापाशी गेलो. मोठ्याने बोलायची लाज वाटली. एवढ्या लोकांत बांबूच्या पट्टीचं काय बोलणार? वाकून म्हटलं, "उद्या कोयता घेऊन जातो. खोली उघडतो. पट्टी हाय का बघतो."

मागे सरलो, तसा शेवग्यावरचा एक कावळा आला आणि त्याने पिंडात चोच घातली. मी बोललो म्हणून आला की ऊन चढलं आणि भूक लागली म्हणून आला, ते मला ठाऊक नाही. लोकांनी हात जोडले. मेहुण्याने विचारलं, "भावजी, काय कबूल केलंत?"

"काय न्हाय. घरचं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पाहुणे झोपलेले असतानाच मी निघालो. कोयता, फोन, पाण्याची बाटली आणि पेला पिशवीत टाकला. सून जागी झाली. कुठे निघालात म्हणाली. तुझ्या सासूच्या कामाला, म्हटलं.

करवंदी तोडायला वेळ लागला. हात पूर्वीचे राहिले नाहीत. दर दोन फांद्यांनी बसत होतो. साप असेल असंही मनात आलं. असला तर असू दे, म्हटलं. कुलपाला हात लावावाच लागला नाही. चौकट वाळवीने खाल्लेली. कोयत्याच्या मुठीने दणका दिला, तर कडीच कुलपासकट हातात आली.

आत वटवाघळांचा वास. एका कोपऱ्यात कौलं पडून उजेड आला होता. भिंतीला तिने दिलेली नीळ पोपडे धरून होती. फळी जागेवर होती. पट्टी होती, पण एका टोकाचा खिळा निघून लोंबत होती.

तशीच लोंबती काढली फोटूत. मग बघवेना. बाहेरून दगड आणला, पट्टी सरळ धरली आणि वाकलेला खिळा सरळ करून ठोकला. पाडायच्या खोलीत खिळे ठोकणारा मी एकटाच असेन. ठोकल्यावर पुन्हा एक फोटू काढला. तहान लागली म्हणून पेल्यात पाणी ओतलं. जमिनीवर सगळी घाण, म्हणून पेला फळीवर ठेवला.

तेवढ्यात गाडीचा आवाज आला. पाणी प्यायचं तसंच राहिलं. आधी पायाखाली थरथर आली, मग फळीला. पेला चालायला लागला. हळूहळू कडेला आला, पट्टीला टेकला आणि तिथेच थांबून गाडी जाईपर्यंत वाजत राहिला.

मुलाला दोन्ही फोटू पाठवले. त्याचा लगेच फोन आला. "बाबा, हे काय आहे? नुसती काठी दिसतेय."

"पट्टी हाय," म्हटलं. "घरी आल्यावर सांगतो."

पाणी प्यायलो. दार ओढून घेतलं आणि कोयता पिशवीत घालून बांधाने परत निघालो.