सप्तपदी झाली होती का?

अकोल्याच्या वकीलबाईंनी आधी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि मगच सांगितलं, "मॅडम, तुमच्या जावयाचा जबाब आला. ते म्हनतात, हे लग्न झालंच नाही."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. शेजारी माझी मुलगी बसली होती, तिच्या मांडीवर दोन वर्षांची नात झोपली होती. मी आधी नातीकडे पाहिलं आणि मग वकीलबाईंकडे.

"झालंच नाही म्हणजे काय? सगळी वस्ती जेवायला होती."

"जेवन झालं, लग्न नाही झालं, असं म्हननं आहे त्याइचं." वकीलबाई बाळापूरकडच्या शेतकरी घरातल्या होत्या. तापलेल्या माणसाशी शांतपणे बोलायची त्यांना सवय होती. "हिंदू विवाह कायद्यात लग्न लागाले विधी लागतो. सप्तपदी, नाहीतर तुमच्या समाजात लई जुनी चालत आलेली रीत. तुमच्यात सप्तपदी नाही. आन् त्यांचा वकील म्हनते, बौद्ध पद्धत छप्पन सालानंतरची, तिले जुनी रीत म्हनता येत नाही."

"पण आम्ही बौद्ध आहोत. हिंदू विवाह कायद्याशी आमचा काय संबंध?"

त्यांनी फाईल मिटली. "लग्नाच्या बाबतीत कायदा तुमाले हिंदूतच मोजते, मॅडम. बौद्ध, जैन, शीख, सारे त्याच्यातच. तुमाले माहीत नोतं?"

नव्हतं माहीत. अमरावती जिल्ह्यातल्या शाळांमध्ये मी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं. इंग्लंडचा राजा तिथल्या चर्चचाही प्रमुख असतो, काही देशांत राज्याचाच एक धर्म असतो, आपल्या देशात तसं नाही, हे मी फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेतलं. माझ्या स्वतःच्या लग्नाला कोणता कायदा लागू होता, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही. माझे वडील तरुणपणी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. परत आल्या आल्या त्यांनी घरातले देव नदीत सोडले. त्या गोष्टीवरून त्यांच्या थोरल्या भावानं मरेपर्यंत त्यांच्याशी अबोला धरला. एवढी किंमत मोजून जे सोडलं, ते कायद्याच्या पुस्तकात आमच्या नावापुढे तसंच लिहिलेलं होतं.

तरीही त्या दिवशी मला खरा धक्का बसला तो कायद्याचा नव्हता. तो बसला माझ्या व्याह्यांमुळे.

व्याही अकोल्यातले नावाजलेले कार्यकर्ते. महानगरपालिकेची निवडणूक एकदा हरलेले, दुसऱ्यांदा लढायच्या तयारीत असलेले. भाषण असं करायचे की रस्त्यानं जाणारा माणूस सायकल उभी करून ऐकत राही. बौद्धांच्या लग्नासाठी वेगळा कायदा झाला पाहिजे, हा त्यांचा आवडता मुद्दा. सोयरीक जुळली तेव्हा मला त्याचाच अभिमान वाटला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्या जावेनं मुलीला हळद लावायला घेतली, तर हे गृहस्थ स्वतः उठून आले आणि म्हणाले, "हे आपल्यात चालत नाही. माह्या घरात येनाऱ्या सुनेले हळद नाही लागनार." मंडपात अक्षता नव्हत्या, फुलं होती. पांढरी साडी, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या, त्रिसरण, पंचशील, दोघांनी एकमेकांना दिलेलं वचन आणि हार. मग माईक हातात घेऊन ते म्हणाले होते, "आजपासून ही माही पोरगी."

त्याच पोरगीला बाळंतपणासाठी अमरावतीला पाठवलं आणि परत नेलंच नाही. आधी म्हणाले घराचं काम चाललंय, मग म्हणाले मुलाची तब्येत बरी नाही, मग फोन घेणंच बंद केलं. अखेर अकोल्यातल्याच एका ओळखीच्या बाईनं सांगितलं की मुलासाठी एका मोठ्या पुढाऱ्याच्या घरी बोलणी चालू आहेत, आणि त्या घरी सोयरीक झाली तर व्याह्यांचं तिकीट पक्कं आहे. नांदवायला न्यावं, नाहीतर पोटगी द्यावी, म्हणून आम्ही कुटुंब न्यायालयात अर्ज केला. त्याला आता हे उत्तर आलं होतं. घटस्फोट म्हटला की तो तिकीट देणाऱ्यांच्या डोळ्यांत येतो. लग्नच नव्हतं म्हटलं की पाटी कोरी.

"मग ही कोण?" मुलीनं मांडीवरच्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं. तेवढंच ती त्या दिवशी बोलली. मूर्तिजापूरला बस थांबली, मी चहा आणला, तर तो तिनं हातात धरून गार केला आणि खिडकीबाहेर ओतून टाकला.

माझा धाकटा भाऊ जर्मनीत असतो. त्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "ताई, इथं नाव नोंदवायला गेलो तेव्हा धर्म विचारला होता. मी घाबरलो, म्हटलं हे काय आता. तर चर्चमध्ये असलेल्यांच्या पगारातून चर्चचा कर कापतात, त्यासाठी हवा होता. सरकारच कापून देते."

"आणि लग्नासाठी?"

"लग्न सरकारी कचेरीत. तिथं धर्म नाही विचारत."

मला हे उलटं वाटलं आणि हेवाही वाटला. पगाराला धर्म आणि लग्नाला नाही. आमच्याकडे लग्नाला धर्म, आणि तोही जो आम्ही सोडून आलो तो.

पहिल्या तारखेला व्याही कोर्टाच्या व्हरांड्यात भेटले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. बरोबर त्यांची बायको होती, माझी विहीण. ती भिंतीकडच्या बाकावर पिशवी धरून बसली होती. नवरा बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, अशा वळणात तिची हयात गेलेली. व्याह्यांनी नेहमीसारखे हात जोडले. मी तोंड फिरवेन असं मला वाटलं होतं, पण सवयीनं माझेही हात जोडले गेले.

"मनाले लावून घेऊ नका, विहीणबाई," ते म्हणाले.

"तुम्हीच तर लग्न लावून दिलं."

"दिलं न. मी काही नाही म्हनतो? पन आपलं लग्न त्या कायद्यात बसत नाही, हे मी जिंदगीभर मंचावरून सांगून राहिलो. तेच कोर्टात सांगतो. मी काही खोटं बोलून नाही राहिलो." आणि मग आवाज खाली आणून, जणू मला काही भेट देत असल्यासारखे म्हणाले, "उद्या तुमच्या पोरीच्या निमित्तानं सरकारले कायदा करा लागन. पाहा तुमी. चळवळीचं काम आहे हे."

हा माणूस खोटं बोलतोय असं मला म्हणता येईना. वाक्य खरं होतं. त्याच वाक्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, मी स्वतः वाजवल्या होत्या. तेच वाक्य उचलून त्यांनी माझ्या मुलीला घराबाहेर ठेवलं होतं.

साक्षीच्या आदल्या दिवशी वकीलबाईंनी आम्हाला बोलावलं. लेकीला बाहेर बसवतील असं वाटलं, पण नाही, दोघींच्या समोरच म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? नवरानवरी मंचावर चढले, मूर्तीभोवती फिरले, हार घालाले इकडून तिकडं गेले. कुठंतरी सात पावलं सोबत चालले असतीन न?"

मला समजायला वेळ लागला.

"मी काही सांगा म्हनत नाही," त्या म्हणाल्या. "फक्त आठवून पाहा. सप्तपदी झाली म्हटलं तर त्यांचा सारा मुद्दाच खलास. नाही म्हटलं तर रीत सिद्ध करा लागन, साक्षीदार आना लागतीन, वर्ष दोन वर्षं जातीन. कोर्ट मान्य करन, मले वाटते. पन वाटते म्हंजे खात्री नाही."

परतीच्या वाटेवर मुलगी म्हणाली, "आई, सांगून टाक."

"काय सांगून टाक?"

"झाली म्हणून. सात पावलं. त्यांना काय फरक पडते? ते सगळं खोटं करून राहिले आणि आपण खरं धरून बसायचं? मला थकवा आलाय आई."

मी तिला रागावले नाही. ती खरंच थकली होती. पण मला धक्का बसला तो याचा की दिवसभर माझ्याही मनात तेच घोळत होतं. मंचाच्या पायऱ्या किती होत्या, ते मी आठवून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी साक्षीला उभी राहिले. देवाची शपथ घेता की प्रतिज्ञा करता, असं विचारलं. मी प्रतिज्ञा केली. व्याह्यांचा वकील तरुण होता, अदबीनं बोलत होता.

"लग्नात होम झाला होता का?"

"नाही."

"सप्तपदी झाली होती का?"

मुलगी मागच्या बाकावर होती. तिच्याकडे पाहायचं नाही असं मी ठरवलं होतं, तरी पाहिलं. तिनं मान खाली घातली होती.

"नाही," मी म्हणाले. "आमच्यात ती नसते."

"म्हणजे कायद्यात सांगितलेला कोणताही विधी झाला नाही, बरोबर?"

"आमचा विधी झाला. त्रिसरण, पंचशील झालं, वचन झालं, हार झाले. हळद लावू नका म्हणून ज्यांनी सांगितलं, ते तिकडे बसले आहेत. त्यांचं स्वतःचं लग्नही असंच झालं. माझं असंच झालं. आमच्या वस्तीत माझ्या वयाच्या प्रत्येक बाईचं असंच झालं. हे लग्न नसेल, तर आमच्यापैकी कोणाचंच लग्न झालेलं नाही."

वकील म्हणाला, विचारलं तेवढंच सांगा. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि माझं बोलणं लिहून घ्यायला सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. मी साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली उतरले. केस घालवली, असंच मला वाटत होतं. मुलगी माझ्याशी बोलली नाही. अमरावतीला उतरल्यावर मात्र तिनं माझी पिशवी आपल्या हातात घेतली.

त्यानंतर आठवडा झाला असेल नसेल. मी स्वयंपाकघरात होते, अनोळखी नंबरवरून फोन आला. विहीण होती. शेजारणीच्या फोनवरून बोलत होती.

"तुमी जे बोलल्या न कोर्टात," ती म्हणाली, "ते मी आयकलं."

मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार.

"घरी आल्यावर मी याइले इचारलं. म्हटलं, सुनेचं लग्न झालं नाही, तर मग माह्यं झालं का? मंग मी कोन आहे या घरात? तर म्हनते, तुले कायद्यातलं समजत नाही. म्हटलं, मले समजत नाही म्हनूनच इचारून राहिली. सांगा न. तर बोलेच ना. दोन दिवस मी चूल पेटवली नाही. पोरालेही म्हटलं, तू कोनाचा आहे, ते बापाले इचार आधी."

सोयरीक झाल्यापासून या बाईच्या तोंडून एवढी वाक्यं मी कधी ऐकली नव्हती.

पुढच्या तारखेला त्यांच्या वकिलानं लग्न झालंच नाही हा मुद्दा मागे घेतला. कारण सांगितलं नाही. जावयाला नांदवायचं नव्हतंच, आणि माझ्या मुलीलाही आता त्या घरी परत जायचं नव्हतं. पोटगी आणि नातीचा खर्च ठरला, आणि पुढे दोघांच्या संमतीनं घटस्फोट झाला. निकाल हातात आला तेव्हा मी चष्मा लावून वाचला. दोघंही बौद्ध असल्यानं त्यांना हिंदू विवाह कायदा लागू होतो, असं सुरुवातीलाच लिहिलं होतं. त्या वाक्यावर मी अडकून बसले. माझ्या मुलीला न्याय मिळाला तो त्या वाक्यावर उभा होता, आणि वडील असते तर त्यांना हे वाक्य मी कसं वाचून दाखवलं असतं, ते मला ठरवता येईना. मुलगी म्हणाली, "दे इकडे, झेरॉक्स काढायची आहे." तिला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली होती, तिकडे जायची घाई होती.

पुढाऱ्याच्या घरची सोयरीक मोडली. तिकीट मात्र व्याह्यांना मिळालं. आमच्या अकोल्यातल्या नातेवाइकांनी प्रचारसभेचा व्हिडिओ पाठवला. वेगळ्या विवाह कायद्याची मागणी ते तितक्याच तळमळीनं करत होते आणि लोक तशाच टाळ्या वाजवत होते. त्यांच्या आवाजात कुठं चीरही पडली नव्हती. मी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. मागणी अजूनही मला पटते, हे मला कबूल करावं लागलं, आणि त्याचा मला त्रास झाला.

निकाल लागल्यावर, उन्हाळ्यात, विहीण एकटी बसनं अमरावतीला आली. नातीला पाहायला. बरोबर बोरकुटाची पुडी होती आणि पोरीसाठी फ्रॉक. मुलगी आधी आतच थांबली, मग लेकीला कडेवर घेऊन बाहेर आली. विहिणीनं नातीला जवळ घेतलं आणि फ्रॉक तिच्या अंगाला लावून पाहिला. तो जरा मोठाच झाला होता.

जेवणं झाल्यावर तिनं पदराआडून मोबाईल काढला आणि एक फोटो मला दाखवला. महानगरपालिकेच्या कचेरीत ती आणि व्याही शेजारी शेजारी बसले होते. व्याह्यांचा चेहरा ताठ, समोर कागद.

"लग्नाची नोंद करून घेतली," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांनी. निवडनुकीच्या आधी मी म्हटलं, आधी हे करा, मंग मत मागाले जा."

"आणि त्यांनी केली?"

"सही केली न. मले म्हने, लोक हासतीन. म्हटलं, हासू द्या."

माझी मुलगी मागून फोटो पाहत होती. तिनं विचारलं, "धर्माच्या रकान्यात काय लिहिलं, आई?"

सासूला ती पूर्वी आईच म्हणायची, तीच हाक तिच्या तोंडातून गेली होती. विहिणीच्या ते लक्षात आलं असावं. तिनं उत्तर द्यायच्या आधी नातीला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"बौद्ध," ती म्हणाली. "तेवढं मले लिहिता येते."