औषधावरचं औषध

आमच्या श्रीवर्धनकडे तणनाशकाला तणनाशक कोणी म्हणत नाही. औषध म्हणतात. काका सुपारीच्या वाडीत औषध मारायचे, आणि तण काढणाऱ्या बेणणीच्या बायकांपेक्षा हे बरं, चहा मागत नाही, असं वर म्हणायचे. विहिरीपाशी आले की मात्र पंप बंद करत, कारण घरात प्यायला पाणी तिचंच. पण वाडीतलं सगळं झिरपून शेवटी विहिरीतच उतरतं, हे काकूला कळत होतं. काकांना सांगायची तिची प्राज्ञा नव्हती. मी मुंबईत प्रयोगशाळेत पाण्यातलं तणनाशक काढायचंच काम करते. तिला वाटलं, शिकलेल्या पुतणीचं तरी ऐकतील.

ऐकतात कसले! बाटलीभर पाणी नेऊन मी तपासलं, त्यात औषध निघालं. काकांना सांगितलं तर म्हणाले, आहे तर काढून दाखव. मीही हट्टाला पेटले. दिवाळीला घरी जाताना आमची काळी पूड घेऊन गेले. सुपारीच्या सालींचा कोळसा आणि त्यावर लोहाचा थर, एवढंच ते. तणनाशक पुडीला चिकटतं, मग चुंबकाने पूड ओढून घ्यायची. ओसरीवर बरणीत विहिरीचं पाणी घेतलं, पूड ढवळली, बाहेरून चुंबक लावला. काळंकुट्ट पाणी बघता बघता नितळ झालं. फराळाला आलेले भाऊबंद थक्क झाले. आता फवारणी बंद करा, असं मी सगळ्यांदेखत सांगितलं आणि काकांनी मान डोलावली. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उरलेली सगळी पूड विहिरीत ओतली. ग्रामपंचायतीचा माणूस पाणी शुद्ध करायला टीसीएल पावडर टाकतो, अगदी तशी. ही पूड बाहेर काढावी लागते, नाहीतर औषध तिच्यासकट तळाशी बसतं, आणि एवढ्या विहिरीला मूठभर पूड म्हणजे दर्यामें खसखस, असं मी ओरडून सांगितलं. टीसीएल कोण बाहेर काढतं, असं म्हणून ते हसले. मग कालच्याच पाहुण्यांसमोर त्यांनी विहिरीचं पाणी तांब्यात काढलं आणि काकूपुढे धरलं.

"पुतणीने शुद्ध केलंय. पी."

मी तांब्या हिसकायला गेले. काकूने माझा हात बाजूला केला आणि ती सगळं पाणी प्यायली. चार माणसांत नवऱ्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. मला तिचाही संताप आला.

काकांनी पंप पाठीवर घेतला. या वेळी विहिरीपाशी थांबले नाहीत. काठावरची काकूची अबोली होती, तिच्यावरूनही फवारा फिरवला. आता घाबरायचं कारण नाही, घरात औषधावरचं औषध आहे, असं ते पाहुण्यांना सांगत होते.

निघताना मी काकूला नमस्कार केला. तिने डोक्यावर हात ठेवला नाही.

"तू यायच्या आधी ते विहिरीपाशी थांबायचे तरी गो," ती म्हणाली.