खालून तीच गाडी

मंगळवारी दादा कोर्टातून घरी आला, वहिनीजवळ चहा मागितला आणि चहा येण्याआधी गेला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बालाघाटच्या कोर्टात वकील होता. मी दोन गल्ल्या सोडून राहतो. निरोप आल्यावर धावत गेलो, तेव्हा अंगणात त्याची गाडी उभी होती आणि बॉनेट अजून गरम होतं. घरात शिरायच्या आधी मी तिथे हात का लावला, ते मला सांगता येत नाही.

तेव्हापासून वाचन होत नाही. पान संपतं आणि काय वाचलं ते आठवत नाही. उठतो, फाटकापर्यंत जातो, परत येतो. डोक्यात एक वाक्य फिरत राहतं आणि ते माझंच आहे.

दोन वर्षांपूर्वी दादाने ही गाडी घेतली. बड्या कंपनीची, आमच्या गावात तशा फार नाहीत. पूजेला त्याचे वकील मित्र जमले होते. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, हातात पेढे. मी एका मासिकात वाचलं होतं की ही कंपनी आणि माझ्या साध्या गाडीची कंपनी एकाच मालकाच्या आहेत. सांगाडा तोच, इंजिन तेच, गिअरही तेच. वरचं रूप बदलतं आणि किंमत जवळजवळ दुप्पट होते. ते सगळं एका वाक्यात बसवून मी सगळ्यांसमोर म्हणालो, "दादा, अंगरखा तेवढा बदलला. खालून माझीच गाडी आहे."

सगळे हसले. एक वकील म्हणाला, "वकीलसाहब, अब तो अपील में जाओ." दादाही हसला. पण पहिली सायकल आली तेव्हापासून प्रत्येक नव्या वाहनाच्या वेळी तो मला म्हणत आला होता, "चाल बे, एक चक्कर मारू." त्या दिवशी तो ते म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. पुढची दोन वर्षं आम्ही सणाला एकत्र जेवलो, आजारपणात एकमेकांकडे गेलो, पण त्या गाडीत मी कधी बसलो नाही.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. एकाच पुस्तकाची पुठ्ठ्याची आणि कागदी बांधणीची प्रत समोर आली, की मी कागदी घ्यायचो. मजकूर तोच असतो, मग पुठ्ठ्याला जास्त कशाला मोजायचे? हे मी अनेक प्राध्यापकांना ऐकवलं आहे. दर उन्हाळ्यात कोणत्या प्रती पानं सुटून बाइंडरकडे जात, ते मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

तेरवी झाल्यावर वहिनी म्हणाली, "भाऊजी, गाडी विकून टाकावी म्हणते मी. मले चालवता येत नाही. पण खालून खडखड वाजून राह्यली. तेवढं पाहून द्या आधी."

अशा रीतीने मी त्या गाडीत पहिल्यांदा बसलो. दार लावलं आणि रस्ता गप्प झाला. समोर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, त्याचा आवाज दुसऱ्या मोहल्ल्यातून यावा तसा येत होता. गोंदिया रोडवरच्या गॅरेजपर्यंत मी फार हळू नेली.

मिस्त्री गाडीखालच्या खड्ड्यात उतरला, चाकाला सांगाड्याशी जोडणारा एक लोखंडी हात काढून वर घेऊन आला. रबर फाटलं होतं. मग आतून दुसरा, नवा आणला आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवले. "हा तुमच्या गाडीचा, सर. नंबर वाचा."

दोन्हींवर एकच नंबर होता. दोन वर्षांनी माझ्या वाक्याचा पुरावा हातात आला होता. तो जड होता आणि कुठे ठेवावा ते कळेना.

"दादाला माहीत होतं हे?" मी विचारलं.

"हौ. पूजेनंतर पहिल्या सर्व्हिसिंगला मीच दाखवलं होतं. कोट काढून खड्ड्यात उतरले होते ते." मिस्त्री हसला. "म्हणे, माझ्या भावाले सांगू नको बे. तो बरोबर निघाला तर दहा वर्षं ऐकवन मले."

मी बाकावर बसलो. मिस्त्रीने नवा हात बसवला.

"मग ठेवली काहून?" मी विचारलं.

"हे मी काय सांगू, सर? लोहा तोच आहे. पण दरवाज्यातलं रबर वेगळं, काच वेगळी, आत आवाज येऊ देत नाही. त्याचे पैसे जास्त आहेत का, तर आहेत. लयच आहेत."

घरी येऊन मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "कोर्टातून आल्यावर उतरतच नव्हते. दहा मिनिटं काचा लावून नुसते बसत. म्हणत, दिवसभर लोक ओरडतात, जरा कान रिकामे करू दे." मी तिच्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी त्यांच्या फाटकावरून जाताना मी त्याला तसं बसलेलं अनेकदा पाहिलं होतं. रस्त्याला गाडी दाखवतो आहे, असं समजून पुढे गेलो होतो.

पुढच्या रविवारी किरनापूरचा एक धानाचा व्यापारी गाडी पाहायला आला. वहिनीने किंमत सांगितली. तो गुडघ्यावर बसला, मान वाकडी करून खाली पाहिलं आणि उठत म्हणाला, "वहिनी, खालून तर साधीच गाडी आहे. सगळ्या गावाले माहीत आहे." मग माझ्याकडे वळला. "सर, तुमीच तर म्हनलं होतं पूजेच्या दिवशी."

"म्हटलं होतं," मी म्हणालो. "तेव्हा मी आत बसलो नव्हतो. चला, बैहरच्या रस्त्याने थोडी चालवून पाहा."

"आत बसून खालचं बदलते का?"

खालचं बदलत नाही. वहिनी ओसरीवरून म्हणाली, "मंग साधीच घ्या ना भाऊ. भाऊजींजवळ आहे एक."

व्यापारी हसत गेला. वहिनी हसली नाही. नंतर आणखी दोघे आले आणि दोघांनी तेच म्हटलं. एकाने तर ते वाक्य मलाच नवं म्हणून सांगितलं.

किंमत योग्य होती का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सकाळी वाटतं, दादा फसला. संध्याकाळी तसं वाटत नाही. बॅटरी उतरू नये म्हणून मी एक दिवसाआड जाऊन गाडी सुरू करतो. सुरू करण्याआधी काचा लावून थोडा वेळ बसतो.

गाडी अंगणात आहे. जो कोणी घ्यायला येतो, तो आधी खाली वाकून पाहतो.