चीजची फळी एकदाच फिरते

फ्रेंच पद्धतीच्या जेवणात चीजची फळी टेबलावरून एकदाच फिरते. हे मी उपाशी राहून शिकलो.

माझा साहेब अमेरिकन, पण कंपनीने त्याला चार वर्षं पॅरिसला ठेवलं होतं, आणि परत येताना त्याच्या बायकोने तिथली अख्खी जेवणाची रीत बरोबर आणली होती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही अमेरिकेत, पार्सिपनी गावी, नुकतंच घर घेतलं होतं. त्यांच्याकडच्या पहिल्या जेवणात सुपातही मांस आणि नंतर बदक. मी आणि बायको शाकाहारी. आम्ही पाव कुरतडत बसलो. पावाला बशीसुद्धा नव्हती; तो थेट टेबलक्लॉथवर ठेवायचा, ही रीतच. मग शेवटी लाकडी फळीवर पाच तऱ्हेची चीज आली. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. साहेबाच्या बायकोने फळी माझ्यापुढे धरली आणि मी म्हणालो, नो, थँक यू.

आपल्याकडे पहिलं ‘नको’ कुणी खरं धरत नाही. पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा अगदी थोडं, तिसऱ्यांदा ताटात पडतंच. मी दुसऱ्यांदाची वाट बघत बसलो. फळी पुढे गेली, टेबलाला वळसा घालून स्वयंपाकघरात गेली आणि परत आली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एकाने समजावलं की चीज पुन्हा विचारायचं नसतं. विचारलं, तर आधीच्या जेवणाने पाहुण्याचं पोट भरलं नाही असा अर्थ होतो. पाहुण्यानेही परत मागायचं नसतं.

मला राग यायला हवा होता. पण मी त्या रीतीच्या प्रेमातच पडलो. मराठी घरांतल्या आग्रहाला मी विटलो होतो. एकेका गुलाबजामासाठी गळ्याची शपथ, नाही घेतला तर रुसवा. इथे कसं, हवं तर घ्या, नको तर राहू द्या. मोठ्या माणसाला मोठ्या माणसासारखं वागवायचं. मी सगळं शिकून घेतलं. चीज जेवणाआधी दोन तास बाहेर काढून ठेवायचं, सौम्यापासून उग्राकडे जायचं, त्रिकोणी तुकड्याचं टोक कापून घ्यायचं नाही, कारण तो सगळ्यात मऊ भाग आणि त्यात सगळ्यांचा वाटा. नव्याने बाटलेला मुल्ला जोरात बांग देतो, तसं माझं झालं. आमच्याकडे येणाऱ्या मराठी मंडळींपुढेही मी एकदाच फळी फिरवू लागलो. बिचारे ‘नको’ म्हणून बसून राहायचे. मला मजा वाटायची.

वडील गेल्यानंतर दोन वर्षांनी आई आली, सहा महिन्यांसाठी. मी एकुलता एक. सांगलीत ती दोन खोल्यांत एकटी राहत होती. मी सिटिझन झालो होतो, तिचं ग्रीनकार्ड करणं नुसत्या कागदांचं काम होतं. ती पाहुणी म्हणून आली आहे की राहायला, हे ती बोलली नाही, मीही विचारलं नाही. पण तिने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण बरोबर आणला होता. सहा महिन्यांसाठी कुणी देव हलवत नाही. मला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं.

श्रावणातल्या एका रविवारी दुपारी मी साहेबाला आणि त्याच्या बायकोला जेवायला बोलावलं. फ्रेंच पद्धतीचं, पण शाकाहारी. कांद्याचं सूप, लसूण घातलेले बटाटे. आईचा चातुर्मास होता, कांदा-लसूण बंद. हे माझ्या लक्षात आलं नाही असं मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. लक्षात आलं होतं. ती पाव खाईल, फळं खाईल, असा मी हिशेब केला होता.

ती इस्त्रीचं लुगडं नेसून टेबलाशी ताठ बसली होती. इंग्रजी कळत नव्हतं, तरी सगळे हसले की हसत होती. सूप आलं, गेलं. बटाटे आले, गेले. मग मी फळी आणली. सकाळी बाहेर काढून ठेवलेल्या चीजच्या वासाने दूध नासलंय का म्हणून तिने फ्रिज तपासला होता. मी ते दुधाचंच असतं म्हटल्यावर तिला नवल वाटलं होतं. आता ती फळीकडे लहान मुलासारखी बघत होती.

मी फळी तिच्यापुढे धरली. “नको रे,” ती म्हणाली, “आधी पाहुण्यांना दे.”

मी फळी पुढे नेली.

बायको टेबलापलीकडून मराठीत म्हणाली, “अहो, आईंना परत विचारा.” साहेबाच्या बायकोनेही माझ्याकडे पाहिलं. तुझ्या आईला चीज आवडत नाही का, तिने विचारलं. “शी डझन्ट केअर फॉर इट,” मी म्हणालो, आणि फळी आत नेऊन ठेवली.

पाहुणे गेल्यावर आई ओट्याशी उभ्याने दहीपोहे खात होती. “चव बघायची होती रे,” म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. तेव्हा मी तिला ती रीत समजावून सांगितली, चांगली सविस्तर. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “असं होय. इथे एकदाच विचारतात.”

काही चीजमध्ये वासराच्या पोटातला अर्क असतो, हे मला पुढे कळलं. बरं झालं आईने खाल्लं नाही, असं म्हणून मी किती तरी वेळा स्वतःची समजूत घातली. लबाडीला कारणं कमी पडत नाहीत.

तिच्या परतीला दहा दिवस राहिले, तेव्हा मी विचारलं, “आई, इथेच राहतेस का? कागद करायला घेतो.”

“नको रे,” ती म्हणाली. “तुमच्या संसारात माझी अडचण कशाला?”

हे पहिलं ‘नको’ होतं. मराठी घरात वाढलेल्या कुठल्याही पोराला ते कळलं असतं, मलाही कळलं. बायकोने दोनदा सांगितलं की परत विचारा. मी म्हटलं, ती नाही म्हणाली ना. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्याची लाज अजून जात नाही. आईने बॅग चार दिवस उघडीच ठेवली. कपडे भरले होते, बाळकृष्ण तेवढा कपाटावर होता. मी ऑफिसातून आलो की ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि चहा ठेवायची. पाचव्या दिवशी बाळकृष्ण लुगड्याच्या घडीत गेला.

विमानतळावर चेक-इन झाल्यावर अर्धा तास होता. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून मी विचारलं, कॉफी घेशील का?

“हो,” आई लगेच म्हणाली. “घेईन.”

सहा महिन्यांत पहिल्यांदाच ती एका विचारण्यात हो म्हणाली होती. रीत तिला कळली होती. मी रांगेत उभा राहिलो आणि तिच्यासाठी कॉफी घेऊन आलो.