कवचासकट

सुनंदा गेली हे मला शाळेच्या जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर कळलं. वर कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, खाली आंब्याच्या पेट्यांची जाहिरात आणि मधे तिचा फोटो. मी तेव्हा मुलाकडे पुण्याला होते. फोन उलटा ठेवला आणि निवडायला घेतलेली मेथी निवडून संपवली. रडू आलं नाही. मला वेळेवर काही येत नाही, हे मला फार पूर्वीपासून माहीत आहे.

महाडच्या शाळेत आम्ही चोवीस वर्षं एकाच टेबलाशी बसलो. मी विज्ञान शिकवायचे, ती मराठी. मी पोलादपूरहून एसटीने यायचे, ती चवदार तळ्याच्या मागच्या आळीतून चालत. तिचं माहेर दासगावचं. ती बौद्ध, मी मराठ्यांच्या शेतीवाडीच्या घरातली सून. हे लिहिताना आजही जरा अडखळायला होतं, पण ते गाळून पुढचं सांगता येणार नाही. पहिल्याच आठवड्यात तिने डबा माझ्याकडे सरकवला... तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, दोन उकडलेली अंडी. मी पोट भरल्याचं सांगितलं आणि संध्याकाळी घरी येऊन, कौतुक म्हणूनच, सासूबाईंना ते ऐकवलं. त्यांनी ती कोण, कुठली, सगळं विचारून घेतलं. "तिच्या डब्यातला काय खाव नको गो," त्या म्हणाल्या. मग सुनेची फारच अडचण व्हायला नको असं वाटलं असावं. "अंडा चालंल. त्याला कवच हाय."

दुसऱ्या दिवशी मी भाकरी नको म्हटलं आणि अंडं मागितलं. सुनंदा ते टेबलाच्या कडेवर आपटून सोलायला लागणार, तेवढ्यात मी घाईने म्हणाले, "राहू दे, मी सोलते." तिने माझ्याकडे पाहिलं, अंडं माझ्या हातात दिलं आणि भाकरी खायला लागली. तिसऱ्या दिवसापासून माझं अंडं वेगळं, रुमालाच्या गाठीत, कवचासकट यायला लागलं. मला ती माया वाटली. ती माया होतीच, पण तिच्यात आणखी काय होतं ते विचारायची तसदी मी घेतली नाही.

मला अंडं सोलता यायचं नाही. कवचाबरोबर निम्मा पांढरा भाग निघून यायचा आणि उंदराने कुरतडल्यासारखं काहीतरी हातात उरायचं. विज्ञानाची शिक्षिका म्हणून मी ते मनाला लावून घेतलं. घरी पाण्यात मीठ टाकून पाहिलं, सोडा टाकून पाहिला, व्हिनेगरसुद्धा. कोंबड्या घरच्या, त्यामुळे अंडं सकाळचं, तरी तीच गत. ऐकून सुनंदा हसली. "सकाळचं म्हणूनच निघत नाय. अंडं आठ दिवस शिळं होऊ दे. आणि गार पाण्यात ठेवून चूल पेटवू नको, पाणी खळखळलं की मग सोड." उकडल्यावर लगेच थंड पाण्यात टाकायचं, पुरतं निवू द्यायचं, मग सगळीकडून हलकेच आपटून तळव्याखाली लोळवायचं आणि सुरुवात रुंद टोकाकडून करायची, तिथे आत पोकळी असते. "टरफलाच्या मागं लागू नको. आतला पापुद्रा धर, टरफल त्याच्यासंगती येतंय." महिन्याभरात माझं अंडं गुळगुळीत निघायला लागलं. याची कारणं मी नंतर पुस्तकात शोधून काढली आणि तिलाच समजावून सांगितली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली.

सासूबाई गेल्यानंतरची गोष्ट. शाळेत एक नवी मुलगी शिकवायला लागली होती, ती डबा विसरून आली होती. सुनंदाने बोलता बोलता दोन अंडी सोलून तिच्यापुढे ठेवली. मुख्याध्यापकांची दाढ दुखायची तेव्हा ती त्यांना सोलून द्यायची, शिपाईमामांनाही द्यायची. मला इतक्या वर्षांत एकदाही नाही. मी हसत म्हटलं, "मला बरी कधी सोलून देत नाहीस."

"तुला शिकवलंय ना," ती म्हणाली. "ज्याला येतं त्याला कशाला द्यायचं?"

मी सुटल्यासारखी हसले. आता सासूबाईंच्या आड लपायलाही जागा नव्हती. 'आज दे,' एवढंच म्हणायचं होतं. समोर अंडं होतं, तिचे हात मोकळे होते... मी म्हटलं नाही. तिने माझं अंडं रुमालातून काढून दिलं, मी सोललं, घंटा झाली. त्यानंतर आम्ही दोघी निवृत्त झालो.

पुण्याहून परतल्यावर मी तिच्या घरी गेले. तोवर सगळे विधी उरकले होते, पाहुणे पांगले होते. मुलगी प्रज्ञा तेवढी होती. आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल ती नीट, क्रमाने बोलली. मग आत जाऊन तिने चहा आणला आणि बशीत एक उकडलेलं अंडं, कवचासकट.

"आईने सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "वैजूमावशी आल्या तर त्यांना सोलून देऊ नको, त्यांना चालत नाही."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. एखादीला तिखट चालत नाही हे लक्षात ठेवावं, तसं तिने ते लक्षात ठेवलं होतं. म्हणजे सुनंदाला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. चोवीस वर्षं ती मला सांभाळून घेत होती, आणि जाताना ते काम मुलीवर सोपवून गेली. मला लाज वाटली. मेथी निवडताना जे आलं नव्हतं तेही आत्ता आलं.

मी बशी तिच्याकडे सरकवली. "तू दे गो सोलून," मी म्हणाले.

प्रज्ञा क्षणभर गोंधळली. तिने अंड्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"थांबा हां मावशी," ती म्हणाली, "हात धुऊन येते."

आत मोरीतला नळ सुरू झाला. ती बराच वेळ हात धूत होती.