उलटी रेघ

आमच्या शाळेच्या ऑफिसची खिडकी मैदानाकडे उघडायची आणि त्या खिडकीत कारकूनकाका बसायचे. मधल्या सुट्टीत सगळे सर-बाई चहाला जायचे. काका जायचे नाहीत, कारण त्यांचं गिऱ्हाईक नेमकं तेव्हाच यायचं. गिऱ्हाईक म्हणजे आम्ही. कुणाचं पेन ठिबकतंय, कुणाचं अडतंय, कुणाची निब फरशीवर पडून फाकलीय. काका निब ओढून काढायचे, तिच्या खालची जीभ कोमट पाण्यात टाकायचे, जुन्या ब्लेडनं तिची खाच साफ करायचे आणि सगळ्यात शेवटी काचेच्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकून त्यावर निब इंग्रजी आठच्या आकड्यासारखी घासत बसायचे. "एकाच बाजूनं चालते ती निब अर्धीच," म्हणायचे. "पुढे जाते तशी मागेही आली पाहिजे."

ते असं का म्हणायचे, ते त्यांना लिहिताना पाहिलं की कळायचं. आपण सगळे शब्द लिहून झाला की पेन उचलतो, मागे जातो आणि डावीकडून उजवीकडे वरची रेघ ओढतो. काका शेवटच्या अक्षराचा उभा दांडा खालून वर न्यायचे आणि पेन न उचलता तिथूनच रेघ उजवीकडून डावीकडे आणायचे. गेलेल्या वाटेनं माणूस घरी परत यावा तशी. रेघेची बारीक शेपटी आमची उजवीकडे, त्यांची डावीकडे. शाळेच्या सगळ्या प्रमाणपत्रांवर नावं त्यांच्याच हातची असायची. पोरं बक्षिसापेक्षा त्या नावाकडेच जास्त बघायची.

आजच्या मुलांना सांगून खरं वाटणार नाही, पण आमचं निम्मं बालपण शाईनं माखलेलं होतं. बॉलपेननं अक्षर बिघडतं हे सगळ्या मास्तरांचं ठाम मत, त्यामुळे ते बंद. शर्टाच्या खिशाखाली निळा डाग नसेल तर तो मुलगा शाळेत जातो की नाही अशी शंका यायची. निब डोक्याच्या केसांना पुसायची, सांडलेली शाई खडूनं टिपायची, पेपरात मध्येच शाई संपली तर शेजाऱ्यापुढे उघडं पेन धरून "दोन थेंब दे ना रे" म्हणायचं. पेपर दाखवणार नाही असा पोरगाही शाईला नाही म्हणायचा नाही.

आणि टीव्हीवर ती जाहिरात. परीक्षेचा हॉल. एकाचं पेन ठिबकतं, एकाचं अडतं, एकाची तर निबच मोडते. मग नीट भांग पाडलेला एक मुलगा खिशातून पेन काढतो, पडदाभर त्याचा हात येतो आणि तो हात सावकाश 'उत्तीर्ण' असा शब्द लिहितो. पाठीमागे गाणं, 'एक थेंब ना सांडे, एक अक्षर ना अडे!' परीक्षेला बसलेला मुलगा स्वतःच्याच पेपरावर 'उत्तीर्ण' का लिहील, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. आम्ही ते गाणं संडासातसुद्धा म्हणायचो.

काकांची मुलगी आमच्याच वर्गात होती. कमी बोलणारी, पहिल्या बाकावर बसणारी. एकदा डबा खाताना आम्ही तेच गाणं कोकलत होतो, तेव्हा तिनं हळूच सांगितलं, "तो हात माझ्या बाबांचा आहे."

झालं. तिनं पुढे सगळं नीट सांगितलं. जाहिरातीतल्या पोराचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शाळेची प्रमाणपत्रं छापणाऱ्या छापखानेवाल्यानं काकांचं नाव सुचवलं. एका रविवारी त्यांना नेलं, कोपरापर्यंत हातावरचे केस भादरले, पावडर फासली, पोराच्या शर्टाची बाही चढवली आणि वीसदा तो एकच शब्द लिहून घेतला. बदल्यात ते पेन दिलं.

यातलं खोटं काय होतं? काहीच नव्हतं. चार महिन्यांपूर्वी एका सोमवारी काका एक हात केसाळ आणि एक हात गुळगुळीत घेऊन आले होते आणि त्यावर आम्ही हसून हसून लोळलो होतो. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण मी वर्गाचा विदूषक. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच मला येत होतं. मी बाकावर चढलो, स्वतःच्याच हाताचा मुका घेतला आणि ओरडलो, "टीव्हीकाका की जय!"

ते नाव माझं आहे. चाळीस वर्षं टिकलं. मी आयुष्यात केलेल्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीला एवढं आयुष्य लाभलेलं नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सतरा पोरांची रांग ऑफिसच्या खिडकीपुढे लावली. प्रत्येकाच्या हातात वही. पहिला म्हणाला, "काका, सही द्या ना. टीव्हीवर पाहिलं तुम्हाला."

काकांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला अजून दिसतं. त्यांनी चष्मा पुसला. टेबलाच्या खणातून ते जाहिरातीतलं पेन काढलं. "अरे, मला कुठलं पाहिलं, नुसता हात तो," म्हणाले, पण लाजत, खूश होऊन म्हणाले. पहिल्याला सही दिली. दुसऱ्याला नावासकट 'शुभेच्छा' लिहून दिलं. तिसऱ्याची वही हातात घेतली तेव्हा मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले आणि काकांना समजलं.

मला वाटलं, खिडकी लावून घेतील, ओरडतील, मुख्याध्यापकांकडे नेतील. त्यांनी तसं काही केलं नाही. तिसऱ्याच्या वहीत सही केली, ती परत दिली आणि म्हणाले, "पुढचा." चौथा, पाचवा, सहावा. कुणाकडे न बघता त्यांनी अख्ख्या रांगेला सह्या दिल्या. हसणं आपोआप विरत गेलं. पाण्याच्या नळापाशी त्यांची मुलगी रिकामा ग्लास धरून उभी होती.

सतरावा मी. माझ्याकडे वहीसुद्धा नव्हती, कारण मला सही नकोच होती, गंमत हवी होती. "कुठे करू?" काकांनी विचारलं. मी उजवा हात पुढे केला. त्यांनी माझी बोटं धरली आणि तळहातावर स्वतःचं नाव लिहिलं. थंड निब पुढे गेली, टोकाशी पोचली आणि पेन न उचलता वरून सरसरत मागे आली.

संध्याकाळी टीव्हीवर जाहिरात लागली. पडद्यावरच्या हातानं 'उत्तीर्ण'चा शेवटचा उभा दांडा खालून वर नेला आणि रेघ उजवीकडून डावीकडे आणली. मी तळहात उघडला. डावीकडची शेपटी सारखी, रेघेचा उतारही सारखा. मोरीत जाऊन मी हात साबणानं घासला, मग राखेनं घासला, मग दगडानं. आई म्हणाली, "अरे, कातडं काढतोस की काय?" ती शाई तीन दिवस गेली नाही.

मला कळलं होतं, हे मी इथं स्पष्ट लिहितो. चुकून केलं, लहान होतो, नकळत झालं, असलं काही नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं, 'तो हात तिच्या बाबांचाच आहे.' पोरांनी माझं ऐकलं असतं, माझंच ऐकलं असतं. पण मग माझं हसं झालं असतं. मी मूग गिळून बसलो आणि तिच्या बाबांना शाळा सोडेपर्यंत सगळी शाळा टीव्हीकाका म्हणत राहिली.

वर्षअखेरीस मला भाषणाचं बक्षीस मिळालं. बोलण्याचं बक्षीस, आणि मला! प्रमाणपत्रावर काकांच्या हातचं माझं नाव होतं. वरची रेघ डावीकडून उजवीकडे गेलेली. सगळ्यांसारखी.

मी मोठा झालो, गाड्या विकायला लागलो. बोलण्यावरच पोट भरतो. आता आमच्या वर्गाचा मोबाईलवर ग्रुप आहे आणि गेल्या महिन्यात कुणीतरी त्यावर ती जुनी जाहिरात टाकली. नुसता पूर आला. कुणाला शाईची दौत आठवली, कुणाला पेनचं टोपण चावायची सवय, कुणाला खिशावरच्या डागाबद्दल खाल्लेला मार. मीही लिहिणारच होतो, तेवढ्यात एकानं टाकलं, 'अरे, टीव्हीकाका आठवतात का? तो हात म्हणे त्यांचा!' खाली हसण्याची रांग. कुणीतरी माझं नाव घेऊन लिहिलं, 'काय रांग लावली होतीस लेका, मानलं तुला.' काकांच्या मुलीचा नंबरही त्या ग्रुपमध्ये आहे. ती कधीच काही लिहीत नाही, पण वाचते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. पत्ता शोधला आणि रविवारी सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

दार तिनंच उघडलं. केस पांढरे, चष्मा बापासारखाच. "तू?" म्हणाली. मग बाजूला झाली. "ये."

काका खिडकीपाशी टेबलाला बसून औषधांच्या वेळा कागदावर लिहीत होते, बॉलपेननं. मी मोबाईलवर जाहिरात लावून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती दोनदा बघितली. "निब जरा जास्त घासली गेली होती," म्हणाले. "रेघ जाड आलीय."

मी सगळं सांगितलं. तळहात, साबण, राख, सगळं. सांगताना मान वर होत नव्हती.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"कसं?"

"दुसऱ्या दिवशी तू मूठ वळून हिंडत होतास. खाई त्याला खवखवे. बाकीचे हसायचे, तू माझ्या खिडकीवरून जाताना हसायचं बंद केलंस." त्यांनी पेनचं टोपण लावलं. "मला वाटायचं, हा आज बोलेल. मग वाटायचं, उद्या बोलेल. वर्षभर वाट बघितली रे."

मला रडू आलं. पन्नाशीतला माणूस, दुसऱ्याच्या घरी, खुर्चीत बसून. "काका, चुकलं माझं," म्हणालो.

"हे इथे सांगून काय उपयोग?" मुलगी दारातून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आम्हाला दोघांना माहीतच होतं. जिथे हसलात, तिथे सांग."

मी तिथेच बसून लिहिलं. 'तो हात खरंच काकांचा होता. मला सहावीपासून माहीत आहे. मी गप्प बसलो.' पाठवलं. तिघंही मोबाईलकडे बघत राहिलो. पहिलं उत्तर आलं, 'घ्या! दुसरे टीव्हीकाका!' मग हसणं, मग आणखी हसणं. एकानं विचारलं, 'रांग कुठे लावायची? सही देणार ना?'

"थांबा," मी म्हणालो. "काका, एकदा लिहून दाखवा. तोच शब्द. मी व्हिडिओ काढून टाकतो, मग बघू कोण हसतो."

मुलीनं कपाटातून डबा आणला. त्यात ते पेन होतं, तो काचेचा तुकडा आणि सुकलेली दौत. तिनं पेन धुतलं, दौतीत पाणी घालून शाई ढवळली. काकांनी निब काचेवर दोनदा फिरवली आणि कागद पुढे ओढला. मी मोबाईल धरला. उ आला. त्ती आला. अक्षर तेच, गोल, टपोरं. शेवटच्या अक्षराचा दांडा आला. तो त्यांनी वरून खाली ओढला. पेन तिथे क्षणभर थांबलं. मग त्यांनी ते उचललं, डावीकडे नेलं आणि सगळ्यांसारखी रेघ ओढली.

"पुन्हा करू," म्हणाले. पुन्हा केलं. पुन्हा तसंच.

"चाळीस वर्षं झाली," ते कागदाकडे बघत म्हणाले. "आता हात तिकडून येत नाही."

"मीच सांगितलं होतं यांना," मुलगी म्हणाली. तिनं तोंडावर पदर धरला होता. "म्हटलं, बाबा, सगळ्यांसारखं लिहा ना. मला शाळेत जायचंय."

काकांनी कागद घडी करून बाजूला ठेवला. मी मोबाईल खाली घेतला. व्हिडिओ टाकण्यासारखा नव्हता. ग्रुपवर तोपर्यंत नवी पंधरा-वीस उत्तरं आली होती आणि माझ्या नावापुढे सगळ्यांनी टीव्हीकाका लावून टाकलं होतं.

मी पुन्हा लिहिलं, 'हात त्यांचाच होता.' खाली हसणं आलं. मी पुन्हा लिहिलं.